सकाळची शांती संध्याकाळपर्यंत का टिकत नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कित्येक वर्षांपासून पहाटे उठून आसने, प्राणायाम आणि ध्यान करता. बसल्यावर मन शांत होते. कधी भ्रूमध्यात निळसर प्रकाश दिसतो, पाठीच्या कण्यात झिणझिण्या येतात. पण संध्याकाळी बँकेतून घरी आलात की मुलाच्या अभ्यासावरून, सासूबाईंच्या एखाद्या वाक्यावरून राग उसळतो तो पूर्वीसारखाच. हल्ली तर जास्तच येतो असे वाटते. मग ही साधना वाया चालली आहे का, तो प्रकाश म्हणजे जागृती समजायची का, आतून बदल व्हायला नोकरी-संसार सोडावा लागतो का, विपश्यनेच्या शिबिराला जावे का, आणि गुरू करायलाच हवा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात बरीच वर्षे योगवर्ग घेतो. वर्गात नेमाने येणाऱ्या, मनापासून करणाऱ्या माणसांचाच हा प्रश्न असतो. अधूनमधून येणाऱ्यांना तो पडत नाही. म्हणून आधी दिलासा देतो : साधना वाया गेलेली नाही. पण माझ्या मते ती अर्धी झाली आहे, आणि उरलेली अर्धी पहाटे आसनावर होण्यासारखी नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादाची, म्हणजे भागाची, सुरुवात क्रियायोगाने केली आहे. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान (ईश्वराला समर्पण) मिळून क्रियायोग. लगेच पुढच्या सूत्रात त्याची दोन कामे सांगितली आहेत : समाधीची भावना, म्हणजे जोपासना करणे आणि क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, तनू म्हणजे क्षीण करणे. दोन्ही एकाच सूत्रात, एकमेकांना जोडून आली आहेत. आपल्याकडे बहुतेक साधक पहिल्या कामाला लागतात, कारण त्यात लवकर गोडी लागते. दुसरे काम घरात, ऑफिसात, माणसांत करायचे असते. तिथे गोडी लागत नाही, उलट स्वतःचे न आवडणारे रूप बघावे लागते. त्यामुळे ते मागे राहते.

तुमच्या प्रश्नाची किल्ली त्याच्या थोडे पुढे असलेल्या सूत्रात आहे. अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष आणि अभिनिवेश (मरणाची भीती) हे पाच क्लेश. (इथला राग म्हणजे आसक्ती. तुमचा संताप द्वेषात मोडतो.) हे क्लेश चार अवस्थांत राहतात असे पतंजली सांगतात : प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने झोपलेला. तनू म्हणजे अभ्यासाने बारीक झालेला. उदार म्हणजे पूर्ण जोरात वर आलेला. आणि विच्छिन्न म्हणजे मध्येच तुटलेला, दुसऱ्या कशाने तरी तात्पुरता झाकला गेलेला. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, विच्छिन्न अवस्था समजावताना म्हटले आहे की आसक्तीचा भर असतो तेव्हा क्रोध दिसत नाही. म्हणून क्रोध गेला असे होत नाही. त्या वेळी त्याची पाळी नसते, एवढेच.

आता तुमची पहाट आठवा. घर झोपलेले असते. मोबाइल बंद, स्वयंपाकघर बंद, कुणी काही मागत नाही, कुणी टोमणा मारत नाही. श्वास लांब झालेला असतो. त्या तासाभरात तुमचा राग विच्छिन्न असतो. तनू झालेला नसतो. संध्याकाळी मुलाच्या हातात मोबाइल दिसतो आणि तोच राग उदार होतो. सकाळची शांती खोटी नव्हती. पण तिने रागाला हात लावलेला नव्हता. या दोन अवस्थांतला फरक ज्याला कळला त्याची पुढची दहा वर्षे वाचतात, असे मी वर्गात वारंवार सांगतो आणि तुम्हालाही तितक्याच कळकळीने सांगतो.

‘राग हल्ली जास्त येतो’ या वाटण्याबद्दल थोडे थांबून बोलू, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांची गल्लत झाली तर उपाय चुकतो. एक शक्यता अशी की राग तेवढाच आहे, पण आता तो तुम्हाला दिसतो. आधी राग आला की तुम्ही त्याच्याशी एकरूप होऊन जात होता. पहिल्या पादाच्या चौथ्या सूत्रात हेच सांगितले आहे : द्रष्टा आपल्या स्वरूपात नसतो तेव्हा तो वृत्तीसारखाच होऊन बसतो. रागाच्या वेळी राग बघणारे कुणी उरतच नाही, मग तो मोजणार कोण? साधनेने बघणारा थोडा बाजूला उभा राहू लागला की प्रत्येक उसळी नजरेत येते आणि संख्या वाढल्यासारखी वाटते. हे प्रगतीचे लक्षण आहे.

दुसरी शक्यता अशी की राग खरोखर वाढला आहे. याची कारणे बहुधा साधी असतात. रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला उठणे. भस्त्रिका, कपालभाती जोरजोरात आणि मर्यादेपलीकडे करणे. किंवा ‘मी इतकी साधना करते, मला राग यायलाच नको’ हा एक नवा हट्ट मनात धरणे. हा हट्ट म्हणजे अस्मिता, आणि ती दुखावली की द्वेष दुप्पट होतो. घरच्यांना साधनेतला कमीपणा दाखवून द्यायला आवडते असे आपल्याला वाटू लागते आणि त्याचाही राग येतो.

यातले तुमचे कोणते, हे ठरवायचा मार्ग सरळ आहे. मुलाला विचारा. एखाद्या निवांत रविवारी, तर्री-पोहे खाताना, सहज विचारा : ‘मी हल्ली जास्त चिडते का रे?’ त्याचे उत्तर ऐका आणि त्यावर काही बोलू नका. ध्यानात आलेल्या कोणत्याही अनुभवापेक्षा मी त्या उत्तराला जास्त वजन देतो.

क्लेश तनू होतो कसा, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. राग येणार नाही असे ठरवून तो कमी होत नाही. दाबून तर नाहीच. दाबलेला राग विच्छिन्न होतो आणि दुसऱ्या वाटेने येतो : सासूबाईंवर गिळलेला मुलावर निघतो, साहेबांवर गिळलेला व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर हॉर्न वाजवून निघतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी तुम्हाला पाठ असेल : विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश. आपण ही साखळी क्रोधाच्या कडीवर पकडायला जातो आणि हरतो, कारण तिथवर येईपर्यंत वेग फार झालेला असतो. सजगतेचा सगळा अभ्यास ही साखळी आधीच्या कडीवर दिसावी यासाठी आहे.

आधीची कडी शरीरात सापडते. राग शब्दांत येण्याआधी अंगात येतो. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा घसा दाटतो, कुणाच्या पोटात पीळ पडतो. आणि जवळपास प्रत्येकाचा श्वास क्षणभर अडतो किंवा आखूड होतो. तुम्ही इतकी वर्षे प्राणायाम केला आहे, म्हणजे श्वासातला बारीक फरक ओळखायची नजर तुमच्याकडे तयार आहे. ती फक्त पहाटेच्या तासापुरती वापरली गेली. आता ती संध्याकाळी वापरायची.

सगळ्या प्रसंगांना एकदम हात घालू नका. एकच निवडा. माझे ऐकाल तर मुलाचा अभ्यास हा प्रसंग घ्या, सासूबाईंचा नको. तिथे जखमा जुन्या असतात. सुरुवातीला राग येऊन गेल्यावर, तासाभराने, कधी रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात येईल की अरे, आज पुन्हा झाले. हेही चालेल. त्या वेळी स्वतःला बोल लावू नका. फक्त उलट्या क्रमाने आठवा : शेवटचे वाक्य काय बोलले, त्याआधी अंगात काय होत होते, त्याआधी काय दिसले, त्याआधी मनात काय चालले होते. ही उजळणी एका साध्या वहीत दोन-तीन ओळींत लिहा. काही आठवड्यांनी लक्षात येणे अलीकडे सरकते. ओरडणे चालू असतानाच मधूनच जाणवते की आपण ओरडतो आहोत. ही अवस्था फार अवघड जाते, कारण दिसते पण थांबता येत नाही. पुष्कळ साधक इथेच खचतात आणि म्हणतात की पूर्वीचे अज्ञान बरे होते. कृपा करून इथे सोडू नका. यानंतर एखाद दिवशी असे होते की मुलाच्या हातात मोबाइल दिसला, जबडा आवळला, आणि तो आवळलेला जबडा तुम्हाला बोलण्याआधी कळला. तिथे तुम्हाला एका श्वासाएवढी जागा मिळते.

त्या जागेत काय करायचे? उच्छ्वास लांब करायचा, बस. पहिल्या पादात चित्त प्रसन्न करण्याचे जे उपाय आले आहेत त्यात श्वास बाहेर सोडणे आणि धारण करणे हा एक आहे. संसारी माणसाला भर प्रसंगात यातला लांब उच्छ्वासच जमतो, आणि तो पुरतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते ही शरीराचीच रचना आहे, त्यामुळे यात काही गूढ नाही. पायाचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवू द्या. एक श्वास पूर्ण होईपर्यंत तोंड उघडू नका. मग बोला. मोबाइल बाजूला ठेव हे सांगायचे असेल तर सांगाच, ठामपणे सांगा. सजग माणसाने गप्प बसावे असे कुणी म्हटलेले नाही. फरक पुढच्या तासाभरात दिसतो. सांगून झाल्यावर विषय संपला, की तो मागच्या वर्षीच्या निकालापर्यंत आणि त्याच्या वडिलांच्या स्वभावापर्यंत गेला, हे बघा.

आता वहीबद्दल. मी तिला स्वाध्यायाचाच भाग मानतो. ग्रंथवाचन आणि जप हा स्वाध्याय आहेच, पण त्या ग्रंथातले वाक्य स्वतःच्या दिवसावर लावून बघितले नाही तर ते वाचन कोरडे राहते. उदाहरण घ्या : द्वेष दुःखाच्या मागोमाग येतो, असे सूत्र आहे. पूर्वी भोगलेल्या दुःखाची आठवण द्वेषाच्या तळाशी असते. वहीतल्या प्रत्येक प्रसंगाखाली एकच प्रश्न लिहा, ‘इथे मला काय दुखते?’ मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा खाली भीती निघते, की याचे पुढे कसे होणार. सासूबाईंच्या बाबतीत एखादा जुना अपमान निघेल. भीती भीती म्हणून दिसली की तिच्यावर चढलेला रागाचा थर पातळ व्हायला लागतो. मी हे माणसांत घडताना पाहिले आहे. वर्गात महाल भागातले एक दुकानदार होते. धाकट्या भावाशी वाटणीवरून वाद होता, आणि वहीखात्यावर भावाची सही दिसली तरी त्यांचा घसा दाटायचा. त्यांनी वाद मिटवायचा प्रयत्न बाजूला ठेवला आणि नुसता तो घसा पाहायला सुरुवात केली. हळूहळू त्यांना दिसले की आत राग कमी आणि वडील गेल्यानंतरचा एकटेपणा जास्त आहे. वाटणी जशी व्हायची तशी झाली. पण त्यांच्या बोलण्यातला कडवटपणा गेल्याचे सगळ्यात आधी त्यांच्या भावजयीने ओळखले. त्यांना स्वतःला ते कळायला आणखी बराच काळ लागला.

आणखी एक सूत्र फार उपयोगाचे आहे. हिंसा वगैरे वितर्क, म्हणजे वाईट विचार, मनात आले तर प्रतिपक्षाचे, म्हणजे त्यांच्या विरुद्ध बाजूचे, चिंतन करा, असे सांगून पतंजली त्यांचे प्रकार देतात : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि केवळ अनुमोदन दिलेली. त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. तीव्रता मृदू, मध्यम किंवा अधिमात्र, म्हणजे फार जोराची. भाष्यकार याचा गुणाकार करून २७ भेद मोजतात आणि पुढे प्रत्येक तीव्रतेचे पुन्हा तीन भाग पाडून ८१ पर्यंत जातात. ही नुसती वर्गवारी वाटते, पण वही लिहिताना तिची धार कळते. एखाद्या दिवशी तुम्ही मुलाला अक्षरही बोलला नाहीत, मात्र नवऱ्याने त्याला झापले तेव्हा आतून बरे वाटले. ती अनुमोदित हिंसा. अशी नोंद वहीत येऊ लागली की समजावे, नजर बारीक होऊ लागली आहे. हे निरीक्षण करताना स्वतःवर कठोर होण्याचा मोह होईल. तोही एक द्वेषच आहे, फक्त त्याचे तोंड आतल्या बाजूला असते.

याच्या जोडीला दिवसात दोन-तीन ठिकाणे ठरवून घ्या. सकाळी गाडीला किल्ली लावण्याआधी एक श्वास. काउंटर सुरू होण्याआधी एक. आणि संध्याकाळी घराच्या फाटकाशी, आत पाऊल टाकण्याआधी तीन लांब उच्छ्वास. हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे, कारण बँकेतला दिवस तुम्ही फाटकातून आत घेऊन जाता आणि तो मुलाच्या वाट्याला येतो. सेमिनरी हिल्सला किंवा अंबाझरीच्या काठाने फिरायला जात असाल तर त्यातली दहा मिनिटे मोबाइल आणि गप्पांशिवाय चाला. बसलेल्या शरीरात जागे राहणे सोपे असते. चालत्या शरीरात जागे राहता आले की बोलत्या शरीरातही जमू लागते.

साक्षीभावाचा, म्हणजे अलिप्तपणे बघण्याचा, एक गैरवापर मात्र मला बोलून दाखवलाच पाहिजे, कारण चांगल्या साधकांची घरे त्यापायी दुखावलेली पाहतो. ‘मी फक्त साक्षी आहे’ असे म्हणत माणूस घरातल्यांपासून थंड होतो. बायको रडते आहे आणि हा स्वतःच्या श्वासाकडे पाहतो आहे. हे योगात बसत नाही. चित्त प्रसन्न होण्यासाठी सुखी माणसांशी मैत्री, दुःखी माणसांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता (आनंद) आणि अपुण्याविषयी उपेक्षा सांगितली आहे. चारांपैकी तीन माणसाजवळ जायला सांगतात. उपेक्षा फक्त एका ठिकाणी आहे. सासूबाई टोमणा मारतात त्या टोमण्याची उपेक्षा करा, पण त्यांचे गुडघे दुखतात तिथे करुणा हवी, आणि या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी कराव्या लागतील.

आता प्रकाश आणि झिणझिण्या. हे अनुभव येतात, पुष्कळांना येतात, आणि त्यात भिण्यासारखे सहसा काही नसते. शास्त्राने त्यांना तुच्छ लेखलेले नाही. नासाग्रावर, जिभेच्या टोकावर धारणा केल्याने सूक्ष्म विषयांचे अनुभव येतात आणि त्याने मन स्थिर व्हायला मदत होते, श्रद्धा दृढ होते, असे पहिल्याच पादात आणि त्याच्या भाष्यात आहे. तेवढेच त्यांचे काम. पुढे विभूतिपादात, म्हणजे तिसऱ्या पादात, अशाच विलक्षण प्राप्तींविषयी बजावले आहे की त्या व्यवहारात सिद्धी वाटल्या तरी समाधीत विघ्ने आहेत. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे, म्हणजे शरीरात सुप्त मानलेल्या शक्तीचे, जे वर्णन केले ते वाचून अंगावर रोमांच येतात, आणि अनेक जण तिथेच थांबतात. मी त्यांना तेरावा अध्याय वाचायला सांगतो. गीतेत तिथे ज्ञानाची लक्षणे आली आहेत : अमानित्व (मानाची हाव नसणे), अदंभित्व (दंभ नसणे), अहिंसा, क्षांती (क्षमा), आर्जव (सरळपणा). त्यात प्रकाश दिसणे नाही, नाद ऐकू येणे नाही. माउली अहिंसेवर किती वेळ रेंगाळतात ते पाहा. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात कसे वागतात, इथवर ते सांगतात. जागृती ओळखायची असेल तर तिथली मापे लावा. निळा प्रकाश दिसला तर दिसू द्या, पुन्हा श्वासावर या, आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट पाहू नका.

मात्र झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, विनाकारण भीती वाटू लागली, आवाज ऐकू येऊ लागले किंवा आपण कुणीतरी विशेष झालो आहोत असे ठामपणे वाटू लागले, तर प्राणायाम आणि लांब ध्यान ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. याला ‘कुंडलिनी जागली’ म्हणून घरात झाकून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्याचे परिणाम वाईट होतात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथानेच सांगून ठेवले आहे की युक्त प्राणायामाने रोग जातात आणि अयुक्त अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांचे दुखणे उत्पन्न होते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, वाटेला जाऊच नका.

याच ओघात आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचे सांगतो. पारा ४५ अंशांवर जातो, नवतपात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, कूलरच्या आवाजात झोप अर्धी होते. अशा दिवसांत भस्त्रिका आणि सूर्यभेदन असे उष्णता वाढवणारे प्राणायाम करून वर ‘मला राग का येतो’ असे विचारायचे, हे शरीरावर अन्याय करणारे आहे. घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात योगाचा आरंभ वसंत आणि शरद ऋतूत करावा, ग्रीष्मात, वर्षेत आणि थंडीच्या दोन ऋतूंत करू नये असे स्पष्ट आहे. तुमचा अभ्यास जुना आहे, तुम्ही बंद करण्याची गरज नाही. पण एप्रिल ते जूनमध्यापर्यंत शीतली, भ्रामरी, हलकी आसने आणि लांब शवासन एवढेच ठेवा, आणि झोप तोडून साधना करू नका. नवे काही वाढवायचे तर दसऱ्यानंतर. आहारात चौथाई पोट रिकामे ठेवायचा हठप्रदीपिकेचा नियम रात्रीच्या जेवणाला तरी पाळा.

नोकरी-संसार सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. रामनगरातल्या जनार्दनस्वामींनी आपल्या या शहरात जे योगाभ्यासी मंडळ उभे केले ते कारकून, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशा घरादारातल्या माणसांसाठी. स्वामी स्वतः संन्यासी, पण त्यांनी लोकांना संन्यास घ्यायला सांगितले नाही, विनामूल्य योग शिकवला आणि ‘यथाशक्ति निरंतर’ करायला सांगितला. यथाशक्ति आणि निरंतर, या दोन शब्दांत गृहस्थाची सगळी साधना येते. शिवाय तुमच्या बाबतीत तर द्वेष उदार होतो तो घरातच. घर सोडले तर तो विच्छिन्न होईल, आणि तुम्ही त्याला वैराग्य समजून बसाल.

विपश्यनेला जावे का? जावे, पण नीट समजून जावे. दीक्षाभूमीच्या या शहरात राहून बुद्धाचा मार्ग आणि पतंजलींचा मार्ग अगदी परके समजणारे साधक दोन्ही बाजूंना आहेत, आणि मला त्याचे वाईट वाटते. पतंजली साधकाच्या समाधीआधी काय लागते ते सांगतात : श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा. बौद्ध परंपरेत पाच इंद्रिये (इथे अर्थ साधकाच्या आतल्या शक्ती) आणि पाच बले म्हणून हीच पाच नावे, याच क्रमाने येतात : सद्धा, विरिय, सति, समाधि, पञ्ञा. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनाही दोन्हीकडे आहेत. आत्म्याविषयीचे त्यांचे म्हणणे वेगळे आहे, तो मतभेद मोठा आहे आणि तो पुसून टाकू नये. पण अंगातल्या संवेदनेकडे, श्वासाकडे प्रतिक्रिया न देता बघण्याची शिस्त तुम्हाला तिथे उत्तम मिळेल. नागपूरजवळ माहुरझरीला धम्मनाग हे केंद्र आहे. शिबिर १० दिवसांचे असते, मौन असते, सुरुवातीचे दिवस आनापान म्हणजे नुसता श्वास बघणे, मग अंगावरच्या संवेदना. त्या काळात आपल्या इतर साधना बाजूला ठेवायला सांगतात. तो नियम मनापासून पाळा, दोन पद्धतींची खिचडी करू नका. घरात आजारपण किंवा मोठे भांडण चालू असताना, किंवा झोप बिघडलेली असताना जाऊ नका. आणि परतल्यावर पहिल्या संध्याकाळी फाटकाशी ते तीन श्वास घ्यायला विसरू नका, कारण शिबिराहून आलेल्या माणसाकडून घरच्यांच्या आणि त्याच्या स्वतःच्याही अपेक्षा फार वाढलेल्या असतात.

किती काळ लागेल हे तुम्ही विचारले नाही, पण मनात असणारच. पतंजलींनी वर्षांचा आकडा दिलेला नाही. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यास दृढ होतो, इतकेच सांगितले. तिसऱ्या पादात ते निरोधाच्या, म्हणजे मन आवरण्याच्या, संस्काराविषयी बोलतात : मन उसळण्याचा संस्कार दबतो आणि शांत राहण्याचा संस्कार वर येतो, आणि असे पुन्हापुन्हा होऊन चित्ताचा प्रवाह शांत वाहू लागतो. म्हणजे एका श्वासाएवढी ती जागा तुम्हाला जितक्या वेळा सापडेल, तितक्या वेळा एक नवा संस्कार पडतो. क्लेशाचे बीज भाजून निघणे ही फार पुढची गोष्ट आहे, तिची चिंता आज नको. आज राग तनू झाला तरी घरात फार मोठा फरक पडतो. पूर्वी चार दिवस चालणारा अबोला एका संध्याकाळीत संपतो, मुलगा आपणहून जवळ येऊन बसतो.

गुरूबद्दल माझे मत असे : प्राणायाम पुढे न्यायचा असेल, कुंभक वाढवायचा असेल, तर समोर बसून शिकवणारे माणूस हवेच, मोबाइलवरचे व्हिडिओ तिथे कामाचे नाहीत. सजगतेच्या या रोजच्या अभ्यासाला मात्र दीक्षेची वाट पाहत थांबू नका. ज्याला तुमच्या पैशाची, तुमच्या स्तुतीची किंवा तुम्हाला घरापासून तोडण्याची गरज वाटत नाही, आणि ज्याच्या घरची माणसे त्याच्याजवळ निर्धास्त दिसतात, असा मार्गदर्शक शोधा. रामनगरच्या वर्गाला एकदा जाऊन बघा, किंवा तुमच्या वस्तीत जिथे नेमाने वर्ग चालतो तिथे जा. दोन-तीन महिने लिहिलेली ती वही सोबत न्या आणि तिच्यावरून बोला. पुढे कोणता अभ्यास द्यायचा ते ठरवायला त्यांना तिचाच उपयोग होईल.